मार्लिसच्या वहीतलं नाव

त्या मंगळवारी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. काळजी करावी असं खरं तर काहीच नव्हतं. इशिताचा खोकला दोन दिवसांपासून कमी होता. हीटर नीट चालत होता. पोस्टाच्या पेटीत वकिलाचं पत्र नव्हतं, म्हणजे वाईट बातमी नव्हती. तरी मी चौथ्यांदा खिडकीशी जाऊन आले. रस्त्यापलीकडे लुथरन चर्च आहे. एरवी मंगळवारी त्याच्या दाराशी चिटपाखरू नसतं. त्या दिवशी सकाळी आठलाच अकरा गाड्या आणि एक ट्रॅक्टर उभा होता. चर्चच्या तळघरात मतदान चालू होतं.

आमचं गाव लुंडबी, राज्य नॉर्थ डकोटा. पाटीवर वस्ती सहाशे बारा लिहिलीय, त्यात आम्ही तिघं धरलेले आहोत. माझा नवरा शंतनू इथल्या पेरणी यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही नागपूरहून थेट इथे आलो, त्याला पाच वर्षं झाली. लेक इशिता इथलीच, चार वर्षांची. नागपूरला मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा एक अख्खा पेपर अमेरिकन राज्यघटनेवर होता. त्यात मला सत्तर मिळाले होते. आता त्या सत्तरांचं मी काय करत होते, तर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या तीनही डिबेट्स रात्री जागून बघत होते आणि शंतनू घोरत होता.

फोन वाजला. आसावरी. माझी कॉलेजची मैत्रीण, आता न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला असते.

"काय गं नीलांबरी, झालं का तुमच्याकडे सुरू? का आधी गाई मत देतात?"

"गाई पश्चिमेकडे. आमच्याकडे बीट आणि गहू."

"हां, मग बीट देत असतील. राष्ट्राध्यक्ष निवडायला तीनच इलेक्टोरल मतं ना तुमच्या राज्याची? आमच्या टर्नपाइक हायवेच्या एका एक्झिटवर तुमच्या राज्याएवढी माणसं राहतात. आमची पंधरा आहेत, पंधरा!"

"तुमची पंधरा कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे या वेळी चुरस आहे, पेपरात आलंय."

हे खरं होतं. एकोणीसशे चौसष्टनंतर या राज्याने राष्ट्राध्यक्षासाठी एकदाही डेमोक्रॅटना कौल दिलेला नाही. या वेळी मात्र ऑक्टोबरात दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत असं छापून आलं, आणि माझी झोप गेली. मला मताचा हक्कच नसताना झोप का जावी, हे शंतनूला कळत नव्हतं. मलाही नीट सांगता येत नव्हतं.

"बरं, टेक्सासला फ्रिस्कोत असतो त्या आपल्या ऋषीचं कळलं का?" आसावरीचा आवाज खाली आला. "अगं, लायसन्स रिन्यू करायला गेला. फॉर्मवर एक चौकोन होता, नागरिक आहात का, मतदार यादीत नाव घालायचं का. घाईघाईत टिक केली. घरी मतदार कार्ड आलं. बायको म्हणे, अरे वा! आणि आता ग्रीन कार्डच्या वेळी वकील डोकं धरून बसलाय. मत दिलंही नाही गं त्याने, नुसतं नाव! परत पाठवतील म्हणतात. दोन मुलं, घर घेतलंय, सगळं आहे."

आमचा ग्रीन कार्डचा अर्जही गेल्या वर्षीच्या जुलैपासून पडून होता. त्या महिन्यात सरकारने अचानक दार उघडलं आणि आपल्या सगळ्यांनी एकदमच अर्ज टाकले. तेव्हापासून मी रोज सकाळी चहाआधी संगणकावर केस स्टेटस बघते. रोज तेच: प्रलंबित.

"आमच्याकडे ती भीती नाही," मी म्हटलं. "या राज्यात मतदार यादीच नसते."

"म्हणजे?"

"नोंदणी करायचीच नाही. मतदानाला जायचं, नाव-पत्ता सांगायचा. लायसन्स दाखवायचं, नाहीतर टेबलावरची बाई म्हणते, हिला मी ओळखते. झालं."

"कमाल आहे यार. आपल्या ग्रामपंचायतीला सुद्धा यादी असते!"

ती टेबलावरची बाई म्हणजे आमची शेजारीण मार्लिस. वय एकाहत्तर. बत्तीस वर्षं ती लुंडबीच्या मतदानाची वही सांभाळते. मी तिला तोंडावर मार्लिसच म्हणते, इथली पद्धतच तशी. इशितासाठी ती मार्लिस आजी. इशिता जुलैतल्या एका वादळी दुपारी झाली तेव्हा शंतनू कॅन्सस सिटीला होता, आणि मला चाळीस मैल गाडी चालवत हॉस्पिटलात मार्लिसने नेलं होतं. वाटेत तिने एकही प्रश्न विचारला नाही. दर पाच मिनिटांनी फक्त म्हणायची, "आता फार लांब नाही." इथली माणसं अशीच आहेत. न सांगता अंगणातला बर्फ काढून देतील, पण विचारणार काही नाहीत. पगार विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, मत कोणाला दिलं हे तर नवरा बायकोलाही विचारत नाही. सुरुवातीला मला हे फार सुखाचं वाटायचं. नागपूरला आमच्या मालिनीमावशीने लग्नाच्या तिसऱ्या दिवशी विचारलं होतं, "काही विशेष?"

एकदा मीच मार्लिसला विचारलं होतं. राष्ट्राध्यक्षाला हे राज्य नेहमी रिपब्लिकन, आणि सिनेटला मात्र दोन्ही डेमोक्रॅट, हे कसं? तिने कॉफी ढवळत थोडा विचार केला. "सिनेटर पिकाच्या भावाचं गाऱ्हाणं घेऊन वॉशिंग्टनला जातो. तो ओळखीचा हवा. राष्ट्राध्यक्षाचं काय, तो थोडाच इथे कॉफीला येणार आहे." एम.ए.च्या पेपरात हे मी लिहिलं असतं तर सत्तरचे ऐंशी झाले असते.

मतदानाच्या दिवशी चर्चच्या बायका तळघरात जेवण ठेवतात. सूप, सँडविच, आणि चौकोनी कापलेले गोड पदार्थ. मार्लिसने आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "नीला, तुझे ते तळलेले तुकडे आण." म्हणजे शंकरपाळे. तिच्याकडे नाताळात अगदी तसंच काहीतरी करतात, तिच्या नॉर्वेच्या आजीपासून चालत आलेलं. माझे पहिल्यांदा खाल्ले तेव्हा तिने चष्मा काढून तुकडा निरखला होता, जणू चोरीचा माल सापडला. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, डबाभर शंकरपाळे शिल्लक होते. इशितालाही तिने सांगून ठेवलं होतं, "तूसुद्धा मत द्यायला ये हं, मुलांसाठी वेगळा कागद असतो." तेव्हापासून इशिता घरभर गोल काढत होती. मत म्हणजे गोल रंगवायचा, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

शंतनू कामावर जाताना म्हणाला, "डबा दे आणि लगेच ये. तिथे रेंगाळू नकोस."

"का?"

"का म्हणजे? तुझं तिथे काय काम आहे?"

मला ते लागलं. काम नाही हे बरोबरच होतं, म्हणूनच लागलं असावं.

अकराच्या सुमारास आम्ही दोघी निघालो. वारा असा होता की इशिताची टोपी एका हाताने आणि डबा दुसऱ्या हाताने धरावा लागला. तळघरात शिरल्या शिरल्या कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास आला. डावीकडे जेवणाची टेबलं. उजवीकडे पुठ्ठ्याचे आडोसे लावलेली चार छोटी टेबलं, त्यापुढे दाराजवळ मतपत्रिका आत घेणारं यंत्र. यंत्राशी आर्विड नावाचे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मधल्या टेबलावर मार्लिस, पुढ्यात तिची वही.

माझा स्वभाव असा की मी सगळीकडे लक्ष ठेवते. कुठल्या मुलाचं नाक वाहतंय, बाहेरचं दार कुठल्या बाजूला उघडतं, कॉफीच्या उकळत्या भांड्याची वायर कुठून गेलीय, इशिताचा हात तिथवर पोचेल का. आणि अशा वेळी नेमकं समोरचं निसटतं.

"नीला! डबा तिथे ठेव आणि इकडे ये," मार्लिसने हाक मारली. माझ्या मागे तिघं-चौघं येऊन उभी राहिली होती. "पूर्ण नाव सांग गं. इतकी वर्षं मी नीलाच म्हणतेय."

सप्टेंबरात याच तळघरात सुगीचं जेवण झालं होतं. तेव्हा मार्लिसने अशाच एका वहीत कोणी काय आणलं ते लिहून घेतलं होतं, नंतर आभाराची कार्डं पाठवायला म्हणून. मला वाटलं, हे तेच. मी अक्षर अक्षर सांगत गेले. नीलांबरी, मग देवस्थळी. मार्लिस हसायला लागली. "थांब, थांब, ओळ संपली माझी." मागचा माणूस म्हणाला, "मार्लिस, तिला पुढचं पान दे." सगळे हसले. मीही हसले. मान वळवून मी इशिता कुठे आहे ते बघत होते. ती कॉफीच्या वायरपाशीच होती.

"पत्ता मला माहीत आहे," मार्लिस स्वतःशीच पुटपुटली. "तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा तर मला माझ्या पलंगावरून दिसतो." मग तिने जाड कागदाचं एक पाकीट माझ्या हातात दिलं. "हे घ्या. जा दोघी, तिकडे बसा."

दोघी म्हणाली ना. मला वाटलं, मुलांचा कागद.

आडोशाआड खुर्चीवर मी इशिताला मांडीत घेतलं. टेबलावर दोरीला बांधलेली पेन्सिल होती. इशिताने ती झडप घालून घेतली. "आय वाँट टू डू द सर्कल!"

"हळू. मराठीत."

"मला गोल करायचाय."

मी पाकिटातला कागद बाहेर सरकवला. त्याची खालची उजवी कडा इशिताच्या पुढे आली. बाजूच्या रांगेत माणसं बोलत होती, आणि मी आमच्या डब्याकडे बघत होते. दोघांनी शंकरपाळे उचलले होते, एकाने दुसरा घेतला होता. मला बरं वाटलं. खाली बघितलं तर इशिताने जीभ बाहेर काढून एक गोल काळा केला होता, अगदी कडेच्या आत, नीट.

त्याच वेळी आमच्या शेजारून एक मुलगा आईचा हात धरून गेला. त्याच्या हातात एक पिवळा कागद होता, त्यावर मोठी चित्रं आणि वर हसरा चेहरा.

मी आमच्या कागदाकडे पाहिलं. तो पांढरा होता, लांबलचक, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. सगळ्यात वर लिहिलं होतं: अधिकृत मतपत्रिका, सार्वत्रिक निवडणूक, ४ नोव्हेंबर २००८.

कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. मग मला वही आठवली. सुगीच्या जेवणाची वही निळी होती. मगाचची काळी होती, आणि पानांवर आकडे छापलेले होते. मी स्वतःच्या तोंडाने, अक्षर अक्षर करून, माझं नाव मतदारांच्या वहीत घातलं होतं.

ऋषीपुढे निदान एक चौकोन तरी होता.

इशिताने काळा केलेला गोल बघितला. तो राष्ट्राध्यक्षाचा नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यात मृदसंधारण मंडळाची जागा होती, तिथे एकच उमेदवार होता, नाव नॉर्डहागेन. त्याला विरोधकच नव्हता. सगळ्यात वरची जागा कोरी होती. दोन्ही मोठी नावं तिथे होती, महिनाभर मला ज्यांनी झोपू दिलं नाही ती. पेन्सिल इशिताच्या हातातून मी काढून घेतली होती आणि ती माझ्या हातात होती.

खोटं कशाला सांगू, ती मी काही वेळ तशीच धरून बसले. मनात हिशेब चालू होता. गोल काळा करायचा, दहा पावलं चालायचं, यंत्रात कागद सरकवायचा. कोण विचारणार होतं? इथे कोणी काही विचारत नाही. हे राज्य लाल, म्हणजे रिपब्लिकनांकडे जाणार असेल तर माझ्या एका मताने काय बिघडणार होतं, आणि नसेल जाणार तर? आणि मग त्याच हिशेबाच्या पोटातून दुसरा वर आला. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कुठल्यातरी खोलीत कोणीतरी एक फाइल उघडून मला विचारेल, तुम्ही कधी अमेरिकेत मतदान केलं आहे? आणि माझं नाव, मार्लिसच्या गोल गोल अक्षरात, एका सरकारी वहीत असेल. शंतनूची नोकरी जाईल, घर जाईल. इशिता इथली, तिला कोणी हलवू शकत नाही, आणि आम्हाला मात्र. याच्या पुढे मला विचार करता येईना.

कागद इथेच टाकून निघून जावं? तरी नाव राहणारच. शिवाय संध्याकाळी वहीतली नावं आणि यंत्रातले कागद जुळणार नाहीत, आणि जाब मार्लिसला द्यावा लागेल.

"आई, माझा गोल झाला," इशिता म्हणाली. "नाऊ द मशीन."

मी उठले. एका हातात इशिता, दुसऱ्यात ते पाकीट. आर्विडनी मला येताना बघून यंत्रावर थाप मारली. "ये, ये. सरकव आत, बाकी ते बघतं." इशिताने हात पुढे केला. मी तिचा हात धरला आणि तशीच वळून मधल्या टेबलाशी गेले. रांगेतल्या पहिल्या माणसाला ओलांडून पुढे झाले. इतक्या वर्षांत या गावात मी पहिल्यांदाच रांग मोडली.

"मार्लिस, मला मत देता येत नाही."

"पेन्सिल मोडली का?"

"नाही. मी नागरिक नाही."

मी हळू म्हटलं असं मला वाटत होतं. पण तळघरच ते, आवाज घुमला. सूप वाढणारी बाई थांबली. मार्लिसने चष्मा काढला.

"पण तू इथे राहतेस," ती म्हणाली. "पाच वर्षं."

"हो."

"तुझी मुलगी आपल्याकडच्या हॉस्पिटलात झाली. मी तुला नेलं."

"ती आहे नागरिक. मी नाही. शंतनूही नाही. आमचा अर्ज अजून पडून आहे." मी डब्याकडे बोट केलं. "मला वाटलं, तू पदार्थांची यादी करतेयस. मला वाटलं, हा मुलांचा कागद आहे. मार्लिस, माझं नाव त्या वहीत राहिलं तर आम्हाला परत पाठवतील."

रांगेतल्या कोणीही माझ्याकडे बघितलं नाही, सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, सुगीच्या जेवणाला याच लोकांनी मला खुर्ची सरकवून दिली होती, आणि आता मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगतेय की मी तुमच्यातली नाही.

मतदान केंद्राचा प्रमुख डेल मागच्या खोलीतून आला. एरवी तो शेती अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. त्याने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, आत न बघता बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नागरिक आहात असं तुम्ही कोणाला सांगितलंत का? तोंडी, किंवा कुठे सही करून?"

"नाही. मला कोणी विचारलंच नाही."

हे बोलले आणि माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. डेलने मार्लिसकडे पाहिलं.

त्या क्षणी मार्लिस काहीही म्हणू शकली असती. विचारलं होतं, असं म्हणाली असती तरी तिच्यावर अविश्वास दाखवणारं त्या तळघरात कोणी नव्हतं. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, वही स्वतःकडे ओढली.

"मी नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. नियम आहे तसा. मला वाटलं, मी ओळखते."

मग डेलने एका लिफाफ्यावर 'बाद' असं लिहून मतपत्रिका त्यात घातली. माझ्या नावावर पट्टी ठेवून एक रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली, आद्याक्षरं टाकली. मार्लिसनेही टाकली. हे सगळं होईपर्यंत इशिता रडायला लागली होती, कारण तिचा गोल यंत्रात गेला नव्हता. आणि मी रेघेकडे बघत होते. ती बारीक होती. तिच्याखालून माझं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"मार्लिस," डेल अगदी हळू म्हणाला, "वहीपाशी आता कॅरोलला बसू दे थोडा वेळ. तू कॉफी घे."

मार्लिस उठली. पेनला टोपण लावून ते वहीवर आडवं ठेवलं. कॉफीच्या टेबलापर्यंत ती गेली, पण कॉफी न घेताच उभी राहिली. माझ्या डब्यापाशी.

दुपारी शंतनूला फोनवर सांगितलं तर तो एकदम भडकला.

"तुला सांगितलं होतं ना, डबा दे आणि ये!"

"तेच करत होते."

"आणि भर सभेत जाहीर करायची काय गरज होती? बाजूला घेऊन सांगायचंस! गुपचूप कागद ठेवून घरी यायचंस!"

"नाव तसंच राहिलं असतं."

"आता काय गेलंय? खोडलंय फक्त. खोडलेलं तर लोक जास्त वाचतात."

हे त्याने माझ्याच मनातलं काढून माझ्यावर फेकलं. मी फोन ठेवला. मग वकिलाला लांबलचक ईमेल लिहिली, तीनदा वाचली, पाठवली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी इनबॉक्स बघत होते. मधेच केस स्टेटसही बघितलं, जणू सरकारला इतक्यात कळलं असेल. टीव्हीवर नकाशे रंगत होते आणि मला एकही आकडा वाचावासा वाटत नव्हता. आमचं राज्य लाल रंगलं तेव्हा मी इशिताचे दात घासत होते. देशाचा निकाल लागला तेव्हा शंतनूने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "झोप आता. तुझा जिंकला." माझा कसला, माझं तर मतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाचं उत्तर आलं. दोनच ओळी. यंत्रात टाकण्याआधी थांबलात हे फार बरं झालं. तुम्ही स्वतः सांगितलंत आणि तुम्हाला विचारलं गेलं नव्हतं, याचं काही लेखी मिळालं तर मिळवा.

लेखी. ज्या बाईची बत्तीस वर्षांची खुर्ची मी काढून घेतली तिच्या दारात जाऊन आता लेखी मागायचं. कोट अंगावर चढवून मी दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा दार उघडलं तर पायरीवर मार्लिसच उभी होती. बगलेत माझा डबा, हातात एक लिफाफा.

ती आत आली, बूट काढले, स्वयंपाकघरातल्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. इशिता धावत आली. "मार्लिस आजी, डिड माय सर्कल विन?"

"नॉर्डहागेन? जिंकला तर. तीनशे चार मतं पडली."

"माझं धरून?"

"तुझं सोडून," मार्लिस गंभीरपणे म्हणाली. "तरी जिंकला. मातीचं सगळं ठीक आहे."

इशिता समाधानाने खेळायला गेली. मार्लिसने लिफाफा माझ्याकडे सरकवला. आत दोन कागद होते. पहिला वहीच्या पानाची प्रत. एकशे सतरावी ओळ, त्यावर रेघ, वेळ, दोन आद्याक्षरं. दुसऱ्या कागदावर तिच्या हातचं लिहिलेलं होतं. मी, मार्लिस, मतदानाची वही माझ्याकडे होती. या बाईने नागरिक असल्याचं मला सांगितलं नाही. मी तिला विचारलं नाही. चूक माझी आहे. लक्षात येताच तिने स्वतः येऊन सांगितलं. खाली सही, डेलची सही, आणि जिल्हा कार्यालयाचा शिक्का. म्हणजे सकाळी सकाळी बावीस मैल जाऊन ती शिक्का घेऊन आली होती. मी मागायच्या आत.

"मला वाटलं, तुला लागेल," ती म्हणाली. "तुझ्याकडे सगळ्या कागदांच्या फायली असतात ना."

"तुझी वही?" मी विचारलं.

"कॅरोल करेल आता. तिचं अक्षर बरं आहे." तिने डब्याचं झाकण उघडलं. तळाशी चार-पाच शंकरपाळे राहिले होते. तिने एक उचलला. "डेल वाईट नाही. त्याचं बरोबर आहे. मी बत्तीस वर्षं कोणाला विचारलं नाही, कारण मला वाटायचं विचारणं म्हणजे अपमान. तुला एकदा तरी विचारायला हवं होतं. मतदानाचं सोड. एरवीसुद्धा."

मी चहा टाकला. आलं किसायला घेतलं. मागून तिचा आवाज आला.

"नीला, त्या वरच्या जागेत तू कोणाला दिलं असतंस?"

पाच वर्षांत या गावात हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी वळले आणि सांगितलं. नुसतं नाव नाही, का ते सांगितलं, तिन्ही डिबेट्सचं सांगितलं, चहा उतू गेला तरी सांगत राहिले. मार्लिसने मधे एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी मान हलवली.

"मला वाटलंच होतं. मी दुसऱ्याला दिलं."

"मलाही वाटलंच होतं."

"म्हणजे तुझं आणि माझं मिळून शून्य झालं असतं," ती म्हणाली, आणि डब्यातला आणखी एक शंकरपाळा माझ्या पुढे सरकवला. "पुढच्या वेळी होईल का तुझं? चार वर्षांनी?"

मी बोटांवर मोजलं. कार्ड लवकर आलं तरी त्यानंतर नागरिकत्वाला पाच वर्षं. आणि आपल्या लोकांची रांग तर वर्षागणिक लांबतेय.

"चार वर्षांनी नाही. आठ वर्षांनीसुद्धा सांगता येत नाही. कदाचित माझ्याआधी इशिताच देईल."

"म्हणजे सोळा वर्षांनी. तोवर मी सत्त्याऐंशीची," मार्लिस म्हणाली. तिने मनातल्या मनात माझ्याहून भराभर हिशेब केला होता. "बघू."

ती गेल्यावर मी फायलींचं कपाट उघडलं. लग्नाचा दाखला, इशिताचा जन्मदाखला, आणि त्यांच्यामध्ये ते दोन कागद ठेवले. मग प्रत पुन्हा बाहेर काढली. माझ्या वरच्या ओळीत लंड, खालच्या ओळीत पीटरसन, मधे मी. राज्यभरातून तीन लाखांवर मतं पडली होती, आणि त्यांत मी नाही हे आता शिक्क्यासकट लेखी होतं. कागद आत ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली जागेवर आहे ना ते दोनदा बघितलं, आणि केस स्टेटस बघायला संगणक सुरू केला.